साठ हात लांब, चाळीस हात रुंद

आमच्या शाळेत गणित चुकलं की मास्तर स्वतः मारत नसत. ते काम ज्याचं गणित बरोबर आलं असेल त्याच्याकडे असे. पाटीवर गणित सोडवायचं, पाटी तरटावर पालथी घालायची आणि हाताची घडी घालून बसायचं. सगळ्यांच्या पाट्या पालथ्या झाल्या की मास्तर एकेक उलटून बघत फिरत. उत्तर बरोबर आणि पाटी सगळ्यांच्या आधी ठेवलेली, तो पहिला. त्याने उठायचं, रांगेतून जायचं, चुकलेल्याचं नाक डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि उजव्या हाताने थोबाडीत द्यायची. नाक धरायचं ते त्याला तोंड फिरवता येऊ नये म्हणून. थप्पड हलकी पडली असं वाटलं, तर मास्तर मारणाऱ्यालाच जवळ बोलावून "अशी मारायची असते, गाढवा" म्हणून करून दाखवत. त्यामुळे जिवलग मित्रसुद्धा एकमेकांना सणसणीत ठेवून देत आणि सुट्टी झाली की पुन्हा गळ्यात गळे घालून करवंदं खायला जात. पुढे मीही मास्तरीण झाले, आणि खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं ही पद्धत मीही माझ्या वर्गात चालवली.

चौथीच्या वर्गात मुली दोनच, मी आणि माझी थोरली बहीण हौसा. तिला मी आक्का म्हणायची. मुलांनी मुलींच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढी मर्यादा मास्तर पाळत. म्हणजे आक्काचं चुकलं तर तिला मारायचं मी, आणि माझं चुकलं तर तिने. दोघींचंही चुकलं तर मास्तरांचा रूळ होताच. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण आईने तिला एकटीला मुलांच्या शाळेत धाडलं नव्हतं. "यमीला चालाया येऊ दे, मंग दोघी जावा," असं म्हणून तिला दोन वर्षं माझ्यासाठी घरी बसवलं होतं. ती दोन वर्षं तिने मला काखेला मारून, शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून, आत चाललेले पाढे ऐकत काढली. म्हणून आम्ही दोघी पहिलीत बसलो तेव्हा तिला पावकी, निमकी, पाऊणकी येत होती आणि मला नाक पुसता येत नव्हतं.

एकमेकींना मारायची आमची एक युक्ती होती. हाताचा तळवा खोलगट करायचा आणि गालावर न मारता खाली जबड्याच्या कडेला मारायचं. आवाज मोठा येतो आणि लागत नाही. ही युक्ती आक्काने शोधून काढली होती आणि गोठ्यात शेणाच्या पाट्या भरता भरता मला शिकवली होती. मी चांगली दहा-बारा वेळा तिला जोरात मारली तेव्हा कुठे मला ती जमली. तिने एकदाही परत मारलं नाही. "हात वाकीव, यमे, हात वाकीव," एवढंच म्हणत राहिली.

मळवली स्टेशनातून कार्ल्याकडे यायला लागलं की डाव्या हाताला आमचं घर. पुढे ओटी, आत माजघर, बाजूला गोठा, आणि मागे उतरत उतरत गेलेली भाताची खाचरं. घरात बोलणं कमी आणि आवाज जास्त. पहाटे आईचं जातं, मग आबांचं खाकरणं, मग घाट चढून आलेल्या गाडीची शिटी. जेवण म्हणजे नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आबा खेकडे पकडून आणत, त्या दिवशी आई पाट्यावर मसाला वाटायला बसली की आम्ही दोघी तिच्या समोर उकिडव्या बसून राहायचो. खेकड्याचा मोठा आंगडा, म्हणजे नांगी, कुणाला हे आम्ही तोंडी हिशेबावर ठरवायचो. आबा विचारत, "अडीच सत्तं?" आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत आक्का म्हणे, "साडेसतरा." आंगडा ती घेई, फोडी आणि निम्मा मला देई. या निम्म्या आंगड्याचा मला फार राग येत असे. आज बोलायला लाज वाटते, पण सगळा गेला असता तर मला कमी राग आला असता.

आमचे आबा मनाने वाईट नव्हते, पण त्यांना मान हवा असे. एकदा स्टेशनात त्यांनी एक मास्तरीण गाडीतून उतरताना पाहिली. पायात वहाणा, हातात छत्री, आणि समोरून आलेल्या तलाठ्याने तिला आधी नमस्कार केला. आबा घरी आले ते हे पाच वेळा सांगत. "तलाठी वाकला गं," ते आईला म्हणाले. "मला त्यानं कधी बघितलंबी न्हाई." तेव्हापासून आपली एक पोरगी मास्तरीण करायची हे त्यांनी डोक्यात घेतलं. गावातली शाळा चौथीला संपत होती. पुढे फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकायचं तर लोणावळ्यात राहायला हवं, आणि लोणावळ्यात आमचा मामा रेल्वेत पॉइंटमन होता. मामाची खोली एक आणि चूल एक. त्याने स्पष्ट सांगितलं, "एकीला ठिवतो. दुसरीला जागा न्हाई. दिपोटी परीक्षेला येतोय तवा मी येतो. त्याच्यापुढं जी पयली यील, ती माझ्यासंगं." आबांना हे पटलं. आई म्हणाली, "आन जी ऱ्हाईल तिचं?" आबा म्हणाले, "तिला उजवून टाकू."

हे बोलणं आम्ही दोघींनी भाकरी खाता खाता ऐकलं. आक्काचा घास हातातच राहिला. तिला माहीत होतं की ती तेरा वर्षांची होत आली आहे आणि मी अकराचीच आहे. राहिली तर तिचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात, आणि मी राहिले तर निदान दोन वर्षं अवकाश. त्या दिवसापासून ती धुणं धुताना दगडावर कोळशाने त्रिकोण काढू लागली. त्रिकोणाचं क्षेत्रफळ तिला वर्गात एकदा सांगितल्यावर समजलं होतं. मला समजलं नव्हतं. मी तिला विचारलं आणि तिने मला समजावून सांगितलं. भाकरी आडवी धरली, तिरकी मोडली, आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून दाखवले. "पाया गुनिले उंची, आन निम्मं. ह्ये बघ, निम्मं का, तर ह्ये." मला ते कायमचं समजलं. शेकडो मुलींना मी पुढे ते तसंच शिकवलं आणि ही माझी स्वतःची पद्धत आहे असं सांगत आले.

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. ते येणार म्हणून शाळा सारवली, पाटलांच्या घरची खुर्ची आणली, मास्तरांनी टोपी धुतली. ओसरीवर गावची मंडळी बसली होती. पाटील मध्ये, एका बाजूला आबा, त्यांना चिकटून कोट घातलेला मामा. साहेब गोरे, किडकिडीत, पुण्याचे. त्यांना पोटाचा काहीतरी त्रास असावा, कारण ते मधूनच डोळे मिटून घेत आणि मग उघडल्यावर जास्त चिडलेले असत. वाचन झालं, शुद्धलेखन झालं. दोन्हीत आम्ही सारख्या. तोंडी हिशेबात आक्काने सगळा वर्ग मागे टाकला. मुलांना ओठ हलवायलाही वेळ मिळाला नाही. ओसरीवरून पाटील म्हणाले, "कुनाची रं पोरगी?" आणि आबांनी छाती पुढे काढली. मामाने आक्काकडे पाहून मान हलवली. ती मान हललेली मी पाहिली. लोणावळ्याची खोली, फायनल, छत्री, सगळं माझ्या हातून चाललं होतं.

भूमितीत साहेबांनी त्रिकोण घातला. तो दोघींचाही बरोबर आला. मग ते म्हणाले, "आता तुमच्या इकडचंच एक घालतो. एक शेत साठ हात लांब आणि चाळीस हात रुंद आहे. एका चौरस हातात भाताचे चार चूड लावतात. तर सगळ्या शेताला किती चूड लागतील?" चूड म्हणजे आवणीच्या वेळी चिखलात एका जागी खोचतात ती रोपांची चिमूट. साहेबांना हा शब्द कुणीतरी सांगितला होता आणि तो आपल्याला येतो याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता. गणित घालून ते चहा प्यायला ओसरीच्या टोकाला गेले आणि मास्तर बशी धरून त्यांच्या मागे.

गणित अगदीच सोपं होतं. साठ गुणिले चाळीस, चोवीसशे. गुणिले चार, नऊ हजार सहाशे. आक्काने ते माझ्या आधी मांडलं. माझी पाटी पालथी पडायच्या कितीतरी आधी तिची पडली होती. मग काय झालं कोण जाणे, तिने पाटी पुन्हा उचलली आणि तिच्याकडे बघत राहिली. मला तिचं उत्तर स्पष्ट दिसलं. ९६००. ती माझ्याकडे झुकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "यमे, बांध वजा करायचा का गं?"

आमच्याकडे दोन खाचरांमधला बांध दोन हातांचा असतो. निम्मा आपला, निम्मा शेजाऱ्याचा, आणि खाचर मोजायचं ते बांधाच्या मधोमधून. म्हणजे साठ हात लांब म्हणतात त्या खाचरात भात लावायला अठ्ठावन्नच हात मिळतात, आणि चाळीस हात रुंद म्हणतात त्यात अडतीस. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आबांनी तर शेजाऱ्याशी अर्ध्या बांधासाठी वडगावच्या कचेरीत तीन वर्षं खेटे घातले होते. शाळेतल्या शेताला मात्र बांध नसतो हे मला पक्कं माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. आक्काला ते माहीत नव्हतं, कारण ती गणित करताना खरोखरच्या खाचरात उभी राहत असे.

मी म्हणाले, "व्हय. करायचा. मी केलाय."

तिने पाटीवर थुंकी लावली, तळव्याने ९६०० पुसलं, आणि अठ्ठावन्न गुणिले अडतीस, गुणिले चार असं झरझर मांडलं. एवढा मोठा गुणाकार तिने माझ्यादेखत बोटं न मोजता केला. ८८१६. पाटी पालथी घातली आणि माझ्याकडे बघून हसली. मी माझ्या पाटीवर हात ठेवून बसले होते.

साहेब परत आले. मास्तर पाट्या उलटत गेले. माझी उलटल्यावर "शाबास" म्हणाले. आक्काची उलटल्यावर त्यांनी ती साहेबांपुढे धरली. साहेबांनी चष्मा वर केला.

"आठ हजार आठशे सोळा? हे कुठून आणलंस?"

आक्का उभी राहिली. "बांध वजा केला जी."

"कसला बांध?"

"शेताचा. बांधावर भात लावत्यात व्हय?"

ओसरीवरची मंडळी हसली. ते हसणं चांगलं होतं. शेतकरी माणसं, पोरीने बरोबर पकडलं म्हणून खूश झाली होती. साहेबांना ते हसणं आपल्यावर आहे असं वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "गणितात बांध आहे का?"

"गनितात नसला तरी शेताला आसतो जी."

"असं का?" साहेब म्हणाले. "मग तू शेतातच राहा. शाळेत कशाला आलीस? अशा मुलीला गेली चार वर्षं इथं बसवून ठेवलीय, मास्तर? हिच्या डोक्यात चिखल आहे, चिखल."

पाटील मोठ्याने हसले, म्हणून सगळे हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं. आबाही हसले. अर्ध्या बांधासाठी तीन वर्षं कचेरीत गेलेला माणूस साहेबांकडे बघून हसत होता आणि मान हलवत होता, की बरोबर आहे, चिखलच आहे. मामा आता माझ्याकडे बघत होता.

"तुमची ती पद्धत आहे ना, मास्तर?" साहेब म्हणाले. "चालू द्या."

मी उठले. आक्का माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. तिने माझी पाटी पाहिली होती. तिचे ओठ उघडले. ती आता सगळ्यांच्या देखत विचारणार, "यमे, तू तर म्हनलीस केलाय," आणि साहेब विचारणार, काय म्हणाली ही, आणि मग सगळं बाहेर पडणार. मी तिचं नाक धरलं आणि तिच्या तोंडातून शब्द निघायच्या आत सगळा जोर लावून तिच्या गालावर मारली. हात वाकवला नाही. तिचं डोकं फिरलं, नाक माझ्या चिमटीत राहिलं, आणि नाकातून रक्त आलं. साहेब म्हणाले, "छान."

ती खाली बसली आणि ओच्याने नाक दाबून धरलं. मला तेव्हा वाईट वाटलं असं लिहायचा मोह होतो, पण वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी जाताना तिने बांधावर थांबून विचारलं, "यमे, तू बांध वजा केला म्हनलीस न्हवं?" मी उत्तर तयार ठेवलं होतं. "केलता," मी म्हणाले. "पन मंग मला उमगलं की ह्ये शाळंचं गनित हाय, तवा पुसला. तुला उमगाया नगं व्हय? समदं मीच सांगू?" ती पायाखालच्या बांधाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय गं. तुला उमगलं. मला न्हाई उमगलं." आणि माझी पाटी आणि तिची पाटी दोन्ही तिनेच घरापर्यंत उचलून आणल्या.

दुसऱ्या आठवड्यात मी मामाबरोबर लोणावळ्याला गेले. आईने बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली होती. आक्काने माझी वेणी घातली. तिच्या गालावरचं पिवळं पडलेलं होतं ते आईने पाहिलं, पण शाळेतल्या माराबद्दल आमच्या घरी कुणी विचारत नसे. पुढच्या उन्हाळ्यात तिला कामशेतला दिली, स्टेशनाच्या मागच्याच आळीत. माझी परीक्षा होती म्हणून मी हळदीला आले आणि लग्नाला थांबले नाही.

फायनल झाली, ट्रेनिंग झालं, मी मास्तरीण झाले. छत्री घेतली. तलाठ्यानेही नमस्कार केला असेल, मला आठवत नाही. आक्काकडे मी वर्षा-दोन वर्षांनी जायची. तिच्या सासूने पहिल्याच वर्षी तिचं नाव "येडी" ठेवलं होतं. पोळी करपली की येडी, म्हैस सुटली की येडी. नवराही तेच म्हणे, आणि पुढे मुलं म्हणू लागली. सगळ्यात वाईट म्हणजे तीही म्हणे. बाजारातून आलेल्या मुलाने हिशेब चुकवला, ती मनात बरोबर आकडा करून गप्प बसे, आणि मी "आक्का, तू बोल ना" म्हटलं की म्हणे, "मला कुटं डोकं हाय? दिपोटीनं सांगितलं न्हवं का समद्यापुढं." ती हे हसत सांगे. मी चहा पीत असे.

मी निवृत्त झाले त्या वर्षी मला दोनदा छातीत दुखलं. माणूस भ्याला की त्याला खरं बोलायची हौस येते. मी कामशेतला गेले. दुपारची वेळ. आक्का ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. आत मुलं आणि सुना जेवत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी तिला सगळं सांगितलं. तुझ्या पाटीवर बरोबर उत्तर होतं. मी ते बघितलं होतं. मी बांध कधीच वजा केला नव्हता. तुला पुसायला लावलं ते जाणून. मारली ती तू बोलशील म्हणून.

ती निवडायची थांबली नाही. खडे बाजूला टाकत राहिली. मला वाटलं, तिने ऐकलंच नाही. मग तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजी मी येडी न्हवते," ती म्हणाली.

"नव्हतीस, आक्का."

"मला वाटायचं, सासू मारती तर बराबरच हाय. आपल्यालाच कळत न्हाई. पोरं बोलत्यात, बराबर बोलत्यात." तिने माझ्याकडे पाहिलं. "आता का सांगितलंस? सासू मेली. धनी ग्येले. आता ह्ये घिऊन मी काय करू?"

क्षमा मागायची असं मी मनाशी ठरवून आले होते, आणि रडायचंही ठरवलं होतं. दोन्ही सुचलं नाही. तिला रडू आलं नव्हतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला.

"चल, आत चल," ती म्हणाली. "समदी हायेत. थोरली सून हाय, ती मला येता जाता म्हनती, म्हातारीला कायबी उमगत न्हाई. तिच्यापुढं सांग. पोरांपुढं सांग. तू मास्तरीण, तुझं ती ऐकत्यात. बास, येवढंच सांग, दुसरं कायबी नगं मला."

तिने दार उघडून धरलं. आतून थोरल्या मुलाने हाक मारली, "मावशी, बाहेर का? या की जेवायला." त्यांच्या घरात माझा फोटो लावलेला होता, आदर्श शिक्षिका म्हणून शाल घेतानाचा. नातवंडांना माझ्यासारखं व्हा म्हणून सांगत. आक्का उंबऱ्यात उभी होती आणि माझी वाट बघत होती. मी पिशवी उचलली, छत्री घेतली, आणि म्हणाले की मला निघायला हवं, गाडीची वेळ झाली.

स्टेशन पाच मिनिटांवर होतं. गाडीला अजून दोन तास होते, आणि ते आक्काला माहीत होतं.